वासेमाथा तलानोआवर येते

सुवा बंदरातल्या वालू बे धक्क्यासमोर एक जहाज कंपनी आहे. बेटाबेटांवर माणसं, ट्रक, सिमेंट, डुकरं आणि लग्नाची वऱ्हाडं पोचवणं हा तिचा धंदा. या कंपनीत बातमी दोन वाटांनी यायची. एक वाट नोटिशीच्या फळ्यावरून. त्या फळ्याला काच होती, काचेला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे आत अजून मागच्या वादळाची सूचना लटकत होती. दुसरी वाट वासेमाथाच्या टेबलावरून. ही सदैव उघडी.

वासेमाथा टेलिफोन ऑपरेटर. मूळची कांदावू बेटावरची, अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार, डोक्यावर केसांचा असा गोल डोलारा की मागच्या बाकावरच्याला चर्चमध्ये पाद्री दिसत नसे. ऑफिसात येणारा प्रत्येक फोन आधी तिच्या कानात जायचा, मग ज्याचा त्याला मिळायचा. मधल्या मध्ये तो तिच्या कानात किती मुक्काम करायचा, हा तिचा आणि देवाचा प्रश्न.

"मी कुणाचं ऐकत नाही," ती म्हणायची. "लोकच मोठ्यानं बोलतात."

पण गंमत अशी, की तिच्या या चांभारचौकशीवर कंपनी चालायची. एका कप्तानाची आई लेवुकाला वारली. तो बिचारा रडत रडत रजा मागायला आला, तेव्हा वासेमाथाच्या सांगण्यावरून मयताच्या घरी द्यायच्या चटया, रॉकेलचं पिंप आणि एक डुक्कर दुपारच्या बोटीवर आधीच चढलं होतं. सकाळच्या दहाच्या चहाला सगळे तिच्याच टेबलाभोवती जमायचे. लिंबाच्या पानांचा चहा, जाड कडक बिस्किटं, वर लोण्याचा थर, आणि त्या थराहून जाड बातम्या. कुणाची मुलगी नर्सिंगला लागली, कुठल्या बोटीचं इंजिन खोकतंय, कोण कुणाशी बोलत नाही आणि का.

अशा सुखाच्या संसारात ब्रिस्बेनच्या मालकांनी डॅरेन व्हिटकोम नावाचा जनरल मॅनेजर पाठवला.

डॅरेन वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाशी कसं वागायचं ते लोकांना ठाऊक असतं. हा उत्साही होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं दहाचा घोळका पाहिला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. महिन्याभरात सगळ्यांना गोदामात बोलावून त्यानं मोठा पडदा लावला. अंगात नवाकोरा फुलाफुलांचा बुला शर्ट, घडीच्या रेघा तशाच.

"मित्रांनो, आजपासून या कंपनीत भिंती नाहीत!" तो म्हणाला.

"मग छप्पर कशावर उभं राहणार?" मागून मुकादम आपिसाईनं विचारलं. लोक हसले. डॅरेनला वाटलं, आनंदानं हसले. तोही हसला.

पडद्यावर झळकलं ते कंपनीचं स्वतःचं, अंतर्गत समाजमाध्यम. प्रत्येकाच्या फोनवर येणार. तिथं कुणीही लिहावं, फोटो टाकावेत, एकमेकांचं कौतुक करावं, हृदयाचं चिन्ह द्यावं. जो जास्त लिहील त्याला जास्त शिंपले मिळणार, खोटे, पडद्यावरचे. आणि नाव काय, तर 'तलानोआ'. म्हणजे चटईवर मांडी घालून, यांगोना या मुळ्यांच्या पेयाची वाटी फिरवत, वेळकाळ विसरून मारायच्या गप्पा. ज्या माणसानं त्या गप्पा बंद करायला यंत्र आणलं, त्यानं यंत्राला नाव तेच दिलं. बोकड कापून त्याच्याच नावानं खाटीकखाना काढावा तसं.

"आता बोलण्यासाठी कुणाच्या टेबलाभोवती जमायची गरज नाही," डॅरेननं शेवटी सांगितलं. दहाचा चहा बंद झाला. त्याच आठवड्यात फोनला आपोआप उत्तर देणारं यंत्र बसलं. बुकिंगसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा, आणि दोन दाबलं की सतारीसारखं काहीतरी वाजत राहायचं. वासेमाथाचा स्विचबोर्ड दोन माणसं उचलून घेऊन गेली. तिला खुर्ची ठेवली, समोर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला आणि नवा हुद्दा दिला: स्वागत अनुभव प्रमुख.

"म्हणजे काय करायचं?" तिनं बुकिंगच्या शलेन्द्रला विचारलं.

"हसायचं, दीदी."

"कुणाकडे बघून?"

"ते काही लिहिलेलं नाही."

तलानोआवर लोकांनी आपापल्या स्वभावानुसार पाय ठेवला. ड्रायव्हर मंडळींनी पहिला प्रश्न विचारला, याचा डेटा कुणाचा जाणार? उत्तर न आल्यामुळे त्यांचे फोन त्याच दिवशी बिघडले. म्हाताऱ्या कप्तानांनी जाहीर केलं की समुद्रावर रेंज नसते. हे ते धक्क्यावर, रेंजमध्ये उभं राहून सांगायचे. हिशेबखात्यातल्या एक बाई रोज सकाळी बायबलमधलं वचन टाकायच्या, आणि देवाच्या वचनाला हृदय न देण्याची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे शिंपल्यांत त्या सर्वांत पुढे. शलेन्द्र सावध गडी. डॅरेननं काहीही लिहिलं की वाचण्याआधी हृदय द्यायचा. एकदा डॅरेननं लिहिलं की आज आपल्या एका जुन्या खलाशाचं दुःखद निधन झालं. शलेन्द्रनं हृदय दिलं, वर टाळ्याही वाजवल्या.

दर सोमवारी डॅरेन विचारायचा: या आठवड्यात तुम्हाला कशानं प्रेरणा मिळाली? उत्तरं यायची: टीमवर्क. टीमवर्क, सर. आपलं टीमवर्क. आपिसाईनं एकदा लिहिलं, रताळी. त्याला सौम्य शब्दांत समज मिळाली.

वासेमाथा मात्र फिरकली नाही. तिचा फोन जुना, बटणांचा. फेसबुकसुद्धा तिनं कधी उघडलं नव्हतं. "फेसबुकवर लोकांना जे संध्याकाळी कळतं ते मला सकाळी माहीत असतं," असा तिचा तोरा. पण आता तिला सकाळीही काही कळत नव्हतं. लोक समोरून जायचे, मान खाली, अंगठा फोनवर. ती हसायची. प्लास्टिकच्या फुलांकडे बघून हसायची. कुठल्या बोटीचं इंजिन खोकतंय हे तिला कळेना. घरी, नांबुआला, बसमधून जाताना ती पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघत गेली, आणि तिला वाटलं की ताप आहे.

एक दिवस डॅरेननं तिला आत बोलावलं.

"वासेमाथा, तुमचा सहभाग शून्य दिसतोय."

"कशातला, सर?"

"संवादातला. तुम्ही कुणाशी बोलतच नाही."

वासेमाथानं मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय. तिच्या आयुष्यात हा आरोप तिच्यावर कुणी केला नव्हता. नवऱ्यानं तर देवाकडे याच्या उलट तक्रार नेली होती, आणि लवकरच नेली होती.

"सर, मी दिवसभर बोलते."

"पण ते नोंदलं जात नाही ना!" डॅरेन कळवळून म्हणाला. आणि त्यानं कपाटातून कंपनीचा नवा फोन काढून तिच्या हातात ठेवला. इतिहासात काही चुका अशा असतात, की करणारा त्या हसत हसत करतो.

शलेन्द्रनं तिला फोन शिकवला. "इथं लिहायचं, दीदी, आणि इथं दाबलं की सगळ्यांना जातं."

"सगळ्यांना? एकदम?"

"एकदम."

"सावुसावूच्या ऑफिसलापण?"

"लेवुकाच्या धक्क्यावरपण."

वासेमाथानं फोन छातीशी धरला. इतकी वर्षं ती एकेकाच्या कानात बातमी घालत आली होती, विहिरीतून वाटीनं पाणी काढावं तशी. आणि इथं नळ होता!

तिचं पहिलं लिखाण असं: "बोटीवर आज मासा नाही, डबा न्या. स्वयंपाकी जोसेफाला मुलगी झाली, वजन उत्तम, नाक त्याचं आहे, देव तिचं भलं करो. तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाला कडी नाही. आत गेलात की भजन म्हणत बसा, म्हणजे बाहेरच्याला कळेल."

हृदयांचा पाऊस पडला. ड्रायव्हरांचे बिघडलेले फोन दुरुस्त झाले. कप्तानांना समुद्रात रेंज मिळू लागली. तिसऱ्या मजल्यावरून दिवसभर भजनं ऐकू येऊ लागली. महिन्याच्या आत वासेमाथानं शिंपल्यांत बायबलच्या बाईंना मागं टाकलं, आणि त्या माउलीनं ख्रिस्ती क्षमेच्या भावनेनं तिच्याशी बोलणं सोडलं. डॅरेननं तिचा फोटो काढला, मुख्य दारात लावला, ब्रिस्बेनला कळवलं की लोकांनी नव्या साधनाला मनापासून स्वीकारलं आहे.

मग या आखाड्यात आपिसाई उतरला.

आपिसाई कोरो बेटाचा. त्याचं गाव आणि वासेमाथाचं गाव तौवू, म्हणजे दोन्ही गावांचा मूळ पूर्वज एक, म्हणून एकमेकांना तोंडाला येईल ते बोलण्याचा पिढीजात हक्क. हक्क कसला, कर्तव्यच. तौवू, हाक मारताना नुसता तौ, भेटला आणि त्यानं आपल्याला नाव ठेवलं नाही, तर समजावं काहीतरी बिनसलंय. हे दोघं इतकी वर्षं धक्क्यावर, फोनवर, चर्चच्या पायरीवर एकमेकांचा उद्धार करत आले होते. आता तो साऱ्या कंपनीसमोर होऊ लागला.

तो लिहायचा: "तौ, तुझ्या गावात माणसं कमी, खेकडे जास्त. अक्कलही खेकड्यांकडेच."

ती लिहायची: "आमचे खेकडे तिरके का होईना, कुठंतरी चालतात. तुझ्या गावचे पुरुष लग्नाच्या दिवशी झोपले ते अजून उठायचेत."

तो: "तुझं तोंड बोटीच्या मोठ्या दारासारखं. उघडलं की दोन ट्रक आत जातील."

लोक बसथांब्यावर हे वाचून लोटपोट होत. पण ब्रिस्बेनमध्ये एक बाई होत्या. कर्मचारी एकमेकांशी पडद्यावर नीट वागतात की नाही हे बघणं हेच त्यांचं काम. त्यांनी ती वाक्यं भाषांतराच्या यंत्रात घातली. यंत्रानं सांगितलं: तुझ्या तोंडावरून दोन ट्रक जातील.

आपिसाईला कामावरून घरी बसवलं आणि चौकशी लागली. खोलीत डॅरेन, भिंतीवरच्या पडद्यात त्या बाई, एका खुर्चीवर आपिसाई, डोक्यापासून नखापर्यंत आंघोळ करून आलेला, आणि दुसऱ्या खुर्चीवर पीडित म्हणून वासेमाथा.

"वासेमाथा," पडद्यातल्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कामाच्या जागी सुरक्षित वाटतं का?"

"नाही," वासेमाथा म्हणाली.

बाईंनी मान हलवून लिहून घेतलं.

"आठवडाभर या माणसानं मला एक शिवी दिली नाही. मला वाटलं, माझ्या घरात कुणी गेलं आणि मलाच सांगत नाहीत. झोप नाही मला." मग ती आपिसाईकडे वळली. "आणि तू रे! साहेबांनी गप्प बसवलं नि तू बसलास? कोरोच्या नारळात पाणी तरी असतं, तुझ्या डोक्यात तेही नाही."

आपिसाईचा चेहरा उजळला. "तौ, तू बोलायला लागलीस की कांदावूला भरती येते, थुंकीची."

"बघा!" वासेमाथा पडद्याकडे बघून म्हणाली, "आता वाटतंय सुरक्षित."

पडद्यातल्या बाईंनी आधीचं लिहिलेलं खोडलं. शेवटी निकाल आला: दोघांनाही ताकीद. यापुढे तलानोआवर विनोद टाकण्याआधी तो मंजुरीसाठी पाठवावा. मंजुरी कामाच्या तीन दिवसांत मिळेल.

वासेमाथा अपमानानं लाल झाली. तिनं विनोद टाकणं सोडलं. त्याऐवजी एक साधा प्रश्न टाकला: "दहाचा चहा परत कधी सुरू होणार?"

डॅरेननं उत्साहानं उत्तर दिलं: "तुमचा आवाज आमच्यापर्यंत पोचला!"

पोचला म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. लेवुकाच्या बोटीवरच्या पोरांनी फाटक्या जीवरक्षक जाकिटांचा फोटो टाकला. गोदामवाल्यांनी विचारलं, पंखा केव्हा लागणार, की इथं भाकरी भाजायच्या? एका कप्तानानं इंजिनाच्या खोकल्याचा आवाजच भरून टाकला. चार दिवस कंपनीत इतका मोकळा संवाद झाला की डॅरेनच्या तोंडचं पाणी पळालं. भिंती नाहीत म्हणाला होता, तर लोक सरळ घरात शिरले होते. पाचव्या दिवशी सूचना आली: संवाद अधिक अर्थपूर्ण करण्यासाठी उत्तरं देण्याची सोय बंद करण्यात येत आहे. हृदय देता येईल.

जाकिटं मात्र नवी आली, हे सांगायला हवं. फोटो ब्रिस्बेनच्या मालकांनीही पाहिला होता.

त्या संध्याकाळी वासेमाथाच्या सांगण्यावरून शलेन्द्रनं तलानोआबाहेर, फोनवरच, एक वेगळा गट काढला. त्यात कंपनीची सगळी माणसं, फक्त डॅरेन सोडून. नेहमी सावध राहणाऱ्या शलेन्द्रनं आधी दार लावून घेतलं. "दीदी, नोकरी गेली तर?"

"तर सगळ्यात आधी तुला मी कळवीन, भैया."

तलानोआवर शांतता पसरली. डॅरेन काहीही लिहो, हृदयं भराभर यायची. त्याला वाटलं, वादळ शमलं.

मग नव्या बोटीच्या स्वागताचा दिवस आला. ब्रिस्बेनहून खुद्द दोन मालक आले होते. बोट सावुसावूहून दुपारी येणार. डॅरेननं तलानोआवर लिहिलं: "सर्वांनी तीनला धक्क्यावर यावं, बँड आहे, केक आहे." साऱ्या कंपनीनं हृदय दिलं, एक माणूस चुकला नाही. पण सकाळीच कप्तानानं गटावर कळवलं होतं की समुद्र खवळलाय, आज निघत नाही, उद्या येतो. कंपनीला कळलं. बँडच्या म्होरक्याला कळलं, तो स्वयंपाकी जोसेफाचा मेहुणा. केकवाल्या बाईलासुद्धा कळलं, पण केक आधीच पोचता झाला होता. बंदराच्या कचेरीनं कंपनीला रीतसर फोनही केला. यंत्रानं त्यांना दोन दाबायला सांगितलं.

तीन वाजता धक्क्यावर डॅरेन आणि दोन मालक, तिघांच्या गळ्यात फुलांच्या माळा, समोर मोकळा समुद्र. उन्हात केकवरची बोट आधी वाकली, मग बुडाली. बऱ्याच वेळानं एक मालक म्हणाला, "डॅरेन, तुमचा तो सहभाग कुठाय?"

डॅरेन तरातरा ऑफिसात आला. माळ अजून गळ्यात. "तुम्ही सगळ्यांनी हृदय दिलं होतं!"

"दुसरं काही देता येत नाही ना, सर," वासेमाथा म्हणाली.

तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसला. पहिल्यांदाच बसला. माळेतलं एक फूल तोडून टेबलावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "दुसरीकडे कुठंतरी बोलता ना तुम्ही सगळे?"

खोटं बोलायची वासेमाथाला सवय नव्हती. ती फक्त खरं जास्त बोलायची. "बोलतो."

"मला घ्याल?"

"तसं नाही येता येत, सर. गावात शिरायचं तर रीत असते."

मग रीतीप्रमाणे झालं. शुक्रवारी काम सुटल्यावर गोदामात चटया अंथरल्या. डॅरेननं बाजारातून यांगोनाच्या मुळ्यांची जुडी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून, रिबीन बांधून. ती त्यानं दोन्ही हातांनी समोर ठेवली. मांडी घालताना त्याची पँट उसवली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कुणीही हसलं नाही, हा केवढा मान! आपिसाईनं गावाच्या वतीनं ती जुडी स्वीकारली, पूर्वजांची नावं घेतली, मध्येच कांदावूच्या लोकांना दोन टोमणे मारले. डॅरेननं नको तिथं टाळ्या वाजवल्या, वाटी एका दमात प्याला, जीभ बधिर झाली आणि "धन्यवाद" म्हणताना त्याची लाळ गळली. शलेन्द्रनं त्याला गटात घेतलं.

त्याच क्षणी गट मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅरेननं लिहिलं, "शुभ प्रभात!" खाली साऱ्या कंपनीनं ओळीनं लिहिलं: शुभ प्रभात, सर. शुभ प्रभात, सर. टीमवर्क, सर. डॅरेन भारावला. खरा संवाद तो हाच, असं त्यानं ब्रिस्बेनला कळवलं. तोवर शलेन्द्रनं दुसरा गट काढलाही होता. आता त्यानं दारही लावलं नव्हतं.

वासेमाथा दोन्ही गटांत राहिली. डॅरेनच्या गटात तिचं काम नव्हतं, पण चटईवर बसून गेलेल्या माणसाला अगदीच एकटं टाकणं तिला जड जात होतं. अधूनमधून ती तिथं खरं काहीतरी लिहायची. "सर, उद्या पाऊस आहे, कालचे बूट घालू नका."

एका रविवारी डॅरेननं त्या गटात लिहिलं: "आज माझ्या मुलीचा वाढदिवस. ती ब्रिस्बेनला असते. फोन उचलत नाही." खाली हृदयंच हृदयं. कुणीतरी सवयीनं टाळ्याही वाजवल्या.

वासेमाथा तेव्हा चर्चमधून बाहेर पडत होती. तिनं ते वाचलं, "इसा, बिचारा," म्हणाली, घरी जाऊन भट्टीतून निघालेली पालुसामी आणि रताळी ताटात भरली, वर फडकं बांधलं आणि टॅक्सी करून तमावुआच्या टेकडीवरच्या त्याच्या बंगल्यावर थडकली. डॅरेननं दार उघडलं. अर्ध्या चड्डीवर होता, दाढी वाढलेली.

"वासेमाथा? काही झालं का?"

"रविवार झाला, सर. जेवलात?"

तो जेवला नव्हता. ती न विचारता आत गेली, ताट मांडलं, समोर बसली. मुलीचं नाव काय, का बोलत नाही, आई कुठं असते, तुमचं त्यात किती चुकलं, सगळं एकेक करून काढून घेतलं. नारळाच्या दुधात शिजलेली पानं डॅरेननं बोटांनी निपटून खाल्ली आणि खाता खाता मध्येच रडला. ती उठली नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत बसली, मग पाणी दिलं.

सोमवारी डॅरेननं किती पालुसामी खाल्ली, त्याच्या बंगल्यात पडदे कसे मळलेत आणि फ्रिजमध्ये नुसती मोहरी आहे, हे दुसऱ्या गटावर साऱ्या कंपनीला कळलं होतं. त्या आठवड्यात त्याच्या दारात रोज कुणी ना कुणी डबा ठेवून जात होतं, आणि कसं काय ते त्याला समजत नव्हतं. तो रडला, एवढं मात्र वासेमाथानं कुणालाही सांगितलं नाही.

आपिसाईला सांगितलं. पण तौवू म्हणजे काही बाहेरचा नव्हे.